विमान घरचं, सही कुणाची?

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी अमेरिकेतून माझ्या वर्गमित्राचा फोन आला. एमबीबीएसला आम्ही एकाच बॅचचे, हॉस्टेलच्या एकाच खोलीतले. तो पुढे भूलतज्ज्ञ होऊन तिकडे ओहायो राज्यात स्थिरावला, मी इथे सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात राहिलो. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने लहानपणापासूनची हौस पुरी करायला घेतली. आधी विमान चालवायचा परवाना काढला आणि मग दोन माणसं बसतील असं एक छोटं विमान विकत घेतलं. नवं नव्हे, सेकंडहँड. एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेलं.

फोनवर तो वैतागलेला होता. "अरे, विमान ठणठणीत आहे. पण वर्षाच्या तपासणीची मुदत संपली आणि सही करायला एक मेकॅनिक मिळत नाही. पाच जणांना विचारलं. एक म्हणतो वेळ नाही, दुसरा म्हणतो घरी बांधलेल्या विमानाला मी हात लावत नाही, तिसऱ्याने तर फोनच उचलणं बंद केलं. दीड महिना विमान हँगरमध्ये पडून आहे. नुसती सही तर करायची, त्यात काय एवढं?"

त्याचं शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं. "डॉक्टर, नुसती सही पाहिजे" हे वाक्य मी माझ्या ओपीडीत जवळजवळ रोज ऐकतो. कुणाला मुलाच्या मैदानी स्पर्धेसाठी फिटनेस हवा असतो, कुणाला नोकरीत रुजू व्हायला, कुणाला अमरनाथ यात्रेला जायला. कागद पुढे सरकवला जातो आणि मी रक्तदाब मोजायला पट्टा काढला की समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो.

मित्राची समजूत काढून फोन ठेवला, पण विषय डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेलो, त्याला उलटसुलट प्रश्न विचारत राहिलो. जितकं समजलं तितकी खात्री पटत गेली की विमानाचा मेकॅनिक आणि सरकारी रुग्णालयातला डॉक्टर यांचं दुखणं एकच आहे. जबाबदार माणूस सही करायला का कचरतो आणि तो कचरला की नुकसान कुणाचं होतं, हा प्रश्न विमानांपुरता नाही. म्हणून आज आरोग्याच्या या जागेत थोडं विमानांबद्दल.

गॅरेजमधलं विमान

आपल्याकडे माणूस हौसेने मोटरसायकल खोलतो, जुनी जीप उभी करतो. अमेरिकेत हजारो लोक विमान बांधतात. बहुतेक जण सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, विकत घेतात. ॲल्युमिनियमचे पत्रे येतात, त्यांना भोकं पाडायची, हजारो रिव्हेट ठोकायचे, पंख जोडायचे, इंजिन बसवायचं, तारा ओढायच्या. शनिवार-रविवार खर्ची घालून हे काम कित्येक वर्षं चालतं. ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या किटपासून बांधलेली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. अशा हौशी मंडळींची 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाली. दर जुलैमध्ये तिथल्या ऑशकॉश गावात तिचा मेळा भरतो, आणि आपल्याकडे यात्रेला बैलगाड्या लागाव्यात तशी विमानं शेतात रांगेने उभी राहतात.

सरकारी कागदावर या विमानांचा वर्ग 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे प्रायोगिक. शब्द ऐकून छातीत धस्स होतं, पण अर्थ इतकाच की कारखान्यातल्या विमानाच्या आराखड्याला सरकार जशी तपासून मंजुरी देतं, तशी याला दिलेली नसते. अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं आणि ते शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं. याला तिकडे '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. बांधून झाल्यावर पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडवायचं. विमानात 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक अक्षरांत लिहायचं, आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत हे विमान बसत नाही अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावायची.

म्हणजे कायद्याने इथे एक सरळ सौदा केला आहे. तुम्हाला स्वातंत्र्य आहे, पण धोका झाकायचा नाही. मला हा सौदा आवडला. मात्र त्यात एक अट आहे आणि माझ्या मित्राचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

वर्षातून एकदा

अट अशी की दर १२ महिन्यांनी विमानाची पूर्ण तपासणी झाली पाहिजे. त्यासाठी विमानाच्या अंगावरची झाकणं उघडायची. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. तेलाचा फिल्टर कापून आत धातूचे कण दिसतात का ते पाहायचं. आम्ही रक्ताचा नमुना पाहतो, तसंच हे. पंख आणि शेपटीकडे जाणारे दांडे, तारा आणि नट हाताने चाचपायचे. गंज, चिरा, झिजलेल्या नळ्या शोधायच्या.

एका चिरेबद्दल डॉक्टर म्हणून सांगितलं पाहिजे. छोट्या विमानात थंडीच्या दिवसांत आत उबदार राहावं म्हणून बऱ्याचदा इंजिनच्या धुराड्याभोवती पत्र्याचं आवरण बसवतात आणि त्यातून गरम झालेली हवा आत घेतात. धुराड्याला बारीक चीर गेली की त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग सुस्ती येते, मग आपल्याला सुस्ती आली आहे हेही कळेनासं होतं. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तोच वायू, तीच चूक, फक्त इथे माणूस हजारो फुटांवर असतो. ही चीर वर्षातून एकदा झाकण काढून, आरसा आणि बॅटरी घेऊन बघणाऱ्यालाच सापडते.

ही तपासणी कुणी करायची? ज्याने विमान बांधलं, त्याला त्या एकाच विमानापुरता तपासणीचा परवाना मिळू शकतो. स्वतः जोडलेला प्रत्येक रिव्हेट त्याच्या ओळखीचा असतो, म्हणून हा अधिकार. पण त्याने विमान विकलं की हा अधिकार नव्या मालकाकडे जात नाही. नव्या मालकाला बहुधा सरकारमान्य परवाना असलेला मेकॅनिक शोधावा लागतो. गंमत अशी की वर्षभर त्या विमानाची दुरुस्ती मालकाने स्वतः केली तरी चालते. परवानाधारक लागतो तो या वार्षिक तपासणीला आणि तिच्याखालच्या सहीला.

नियमांकडे पाहिलं तर मेकॅनिक मिळणं सोपं असायला हवं. कारखान्यातल्या विमानाच्या वार्षिक तपासणीला वरच्या दर्जाचा अधिकार असलेला मेकॅनिक लागतो, इथे साधा परवानाही पुरतो. तरीही मालकांना दारोदार फिरावं लागतं.

मेकॅनिक का कचरतो?

माझ्या मित्राच्या मते मेकॅनिक मंडळी भित्री आणि आडमुठी आहेत. मला तसं वाटत नाही.

त्या मेकॅनिकच्या जागी उभं राहून बघा. कारखान्यातल्या विमानाचं जाडजूड मॅन्युअल असतं. कुठला नट किती आवळायचा, कुठली पट्टी किती झिजली की बदलायची, सगळं छापलेलं. कारखान्याकडून आणि सरकारकडून धोक्याच्या सूचना येत असतात. एकाच मॉडेलची हजार विमानं सारखी असतात. हौशी विमान मात्र एकासारखं दुसरं नसतं. एकाच किटची दोन विमानं घ्या, वायरिंग वेगळं, इंधनाच्या नळ्या वेगळ्या मार्गाने गेलेल्या, एखाद्याने आपल्या डोक्याने काही बदललेलं. ज्याच्याशी ताडून बघायचं तो नमुनाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रुग्ण समोर आहे, जुने कागद नाहीत, आणि त्याचे अवयव पुस्तकात दाखवलेल्या जागी असतीलच याची खात्री नाही.

दुसरी भीती कोर्टाची. कायद्याच्या लेखी अशा विमानाचा निर्माता म्हणजे ते बांधणारा हौशी माणूस, किट विकणारी कंपनी नव्हे. अपघात झाला तर दावा कुणावर लावायचा? बांधणारा कुठेतरी निवृत्त आयुष्य जगत असतो, पायलट बहुधा गेलेला असतो. ज्याच्याकडे विमा आहे, ज्याचं नाव ताज्या नोंदीखाली आहे, असा माणूस उरतो मेकॅनिक. काही दिवसांच्या कामाची मजुरी आणि पुढच्या कित्येक वर्षांची टांगती तलवार, हा हिशेब त्याला परवडत नाही.

मला हा हिशेब कळतो, कारण मी तो केला आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा आमची पिढी नुकती शिकून बाहेर पडत होती. पूर्णपणे मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालयं त्या कक्षेबाहेर राहिली, तरी धास्ती सगळ्यांनीच घेतली. तिचा एक परिणाम असा की अवघड रुग्ण दिसला की "मोठ्या दवाखान्यात न्या" असं लिहून हात झटकणं सोपं झालं.

पण माझ्या मनावर कोर्टापेक्षा खोल कोरलेली गोष्ट वेगळी आहे. वीसेक वर्षं झाली असतील. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी माझ्याकडे आले. दुपारचा दीड वाजला होता, बाहेर साठ-सत्तर माणसं. मी शर्टावरूनच स्टेथोस्कोप टेकवला. ईसीजीत थोडा बदल होता, तो वयाचा समजून सोडला आणि केस पेपरवर लिहिलं, 'शस्त्रक्रियेसाठी फिट'. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन टेबलवरून ते परत आले. भूल देणाऱ्या मॅडमनी छाती नीट ऐकली होती. टू-डी इको केला तेव्हा हृदयाची महाधमनीची झडप खूपच अरुंद झालेली निघाली. मणक्यात इंजेक्शन देऊन भूल दिली असती तर रक्तदाब कोसळला असता आणि तो परत वर आणणं कठीण गेलं असतं. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "तू नेमकं कशाला फिट लिहिलं होतंस?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या एका शब्दात मी झडप, फुप्फुसं, मूत्रपिंड, भूल, सर्जनचा हात, सगळ्याची हमी घेतली होती आणि तपासलं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी नुसतं 'फिट' लिहीत नाही. आज काय तपासलं, काय सापडलं, धोका किती, कुठली तपासणी बाकी आहे, हे तारखेसह लिहितो. चार ओळी जास्त होतात, पण त्या ओळींखाली मी निर्धास्त सही करू शकतो.

सही टाळली की काय होतं?

"मग या कटकटी हव्यात कशाला? आपला जीव, आपलं विमान. तपासणीचा नियमच काढून टाका," असं म्हणणारे तिकडे आहेत. त्यांच्यासमोर आकडे ठेवले पाहिजेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात हौशी बांधणीची विमानं साधारण १० टक्के होती, पण २०११ सालच्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. त्या एका वर्षात असे २२४ अपघात झाले, त्यातले ५४ प्राणघातक. कारणांत पुढे होती ती दोन: इंजिन किंवा त्याला जोडलेल्या यंत्रणेतला बिघाड आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मित्राला मुद्दाम वाचून दाखवली. निम्म्याहून अधिक अपघात सेकंडहँड विकत घेतलेल्या विमानांचे होते. नव्या विमानाच्या पहिल्याच उड्डाणात १० अपघात झाले, तर जुन्या विमानाच्या नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात १४. बांधणाऱ्याला जे पाठ असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. आणि नेमक्या याच मालकाला तपासायला माणूस मिळत नाही.

गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू याच फटीत झाला. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरीजवळ त्यांचं विमान समुद्रात कोसळलं. वय ५३. विमान दुसऱ्याने बांधलेलं, 'लाँग-ईझेड' जातीचं, त्यांनी नुकतंच घेतलेलं. मूळ आराखड्यात एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवण्याची चावी पायलटच्या समोर, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या. ती फिरवायची तर अंग पूर्ण वळवावं लागे. उड्डाणाआधी एका तंत्रज्ञाशी त्यांचं या अडचणीवर बोलणंही झालं होतं. चावीला पक्कड लावून हात पोचतो का हे दोघांनी पाहिलं, मागचे इंधनाचे माप दिसावेत म्हणून एक आरसा घेतला, आणि विमान उडालं. हवेत ती चावी फिरवायला वळताना पाय नकळत रडरवर दाबला गेला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. चावीची जागा, खुणा नसलेली मापं आणि या विमानाचं अपुरं प्रशिक्षण हेही कारणांत नोंदवलं गेलं.

डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. मद्यपान करून गाडी चालवल्याच्या जुन्या प्रकरणांनंतर डेन्व्हर यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र त्या वेळी वैध नव्हतं. शवविच्छेदनात मद्य किंवा अमली पदार्थ सापडले नाहीत, त्यामुळे अपघाताचं खापर त्यावर फोडता येणार नाही. पण अडचण दिसली होती, बोलली गेली होती, आणि "हे असं चालणार नाही, आधी चावी पुढे आण" असं कागदावर लिहून ठामपणे सांगणारं कुणी मध्ये आलं नाही. तिऱ्हाईत माणसाच्या सहीची गरज असते ती इथे.

आणि जबाबदार मेकॅनिक बाजूला झाले की तपासणी थांबत नाही. मग असा कुणी सापडतो जो हँगरच्या दारातून विमान बघतो, नोंदवहीत ठरलेलं वाक्य लिहितो आणि पैसे घेऊन जातो. हे आपल्याला नवं नाही. गाडीच्या परवान्याचं मेडिकल सर्टिफिकेट माणूस न पाहता कुठे मिळतं, हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. सही करणं जितकं धोक्याचं, तितके नीट तपासणारे आधी दूर होतात आणि न तपासणारे मागे उरतात. नियम कडक राहतो, तपासणी पोकळ होते.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, सहीचा अर्थ नेमका आणि मर्यादित असावा, आणि तो मालक, विमा कंपनी, वकील सगळ्यांनी मान्य करावा. अमेरिकेच्या नियमातलं वाक्य खरं तर नेमकं आहे. मेकॅनिक लिहितो ते इतकंच की या तारखेला, ठरलेल्या यादीप्रमाणे विमान तपासलं आणि ते सुरक्षित उडवण्याच्या स्थितीत आढळलं. आराखडा उत्तम आहे, बांधणी निर्दोष आहे, पुढचं वर्षभर काही होणार नाही, यातलं तो काहीच म्हणत नाही. लोक मात्र सही वाचतात ती आजन्म हमी म्हणून. आमच्या 'फिट'सारखंच.

डॉक्टरांचा ताजा अनुभव इथे उपयोगी आहे. १ मे २०१७ पासून अमेरिकेत छोट्या विमानांच्या बऱ्याच पायलटांना खास विमानवैद्यकाकडे वारंवार न जाता, ठरावीक यादीनुसार साध्या परवानाधारक डॉक्टरकडूनही तपासणी करून घेता येते. 'बेसिकमेड' हे त्या पद्धतीचं नाव. सोय चांगली, पण अनेक पायलटांचे फॅमिली डॉक्टर सही करायला कचरले. कारण मेकॅनिकचंच: मी नेमकी कशाची जबाबदारी घेतोय? यादी स्पष्ट असूनही मनातली भीती जायला वेळ लागला. म्हणून नुसता नियम लिहून भागत नाही. सही करणाऱ्यांना शिकवावं लागतं, त्यांच्या पाठीशी उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट, तपासणाऱ्याला शेवटी बोलावू नये. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या पद्धतीत विमान बांधायला घेतानाच एक निरीक्षक ठरवावा लागतो. तो टप्प्याटप्प्याला येऊन बघतो. पंखाची पेटी बंद करण्याआधी आत काय आहे ते त्याने पाहिलेलं असतं. अमेरिकेतल्या हौशी संघटनेचेही स्वयंसेवक सल्लागार बांधणी चालू असताना घरी येऊन पाहतात, मात्र त्यांचं बोलणं सल्ल्यापुरतं असतं. मी म्हणेन, या सल्लागारांच्या भेटींची लेखी नोंद विमानाबरोबर पुढच्या मालकाकडे आणि त्याच्या मेकॅनिककडे गेलीच पाहिजे. गरोदर बाईची नऊ महिन्यांची तपासणी झालेली असली तर बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरचं अर्धं ओझं हलकं होतं. पहिल्यांदा थेट कळा सुरू झाल्यावर आलेली बाई बघताना आमच्याही पोटात गोळा येतो.

तिसरी गोष्ट मालकाची. मेकॅनिकला "सही कर" म्हणू नये, "तपास" म्हणावं. झाकणं आधीच उघडून, इंजिन पुसून, बांधणीचे फोटो, आराखडे, जुन्या नोंदी टेबलावर मांडून ठेवाव्यात. वेळेचे पैसे द्यावेत, सहीचे नव्हे. आणि तो "नाही" म्हणू शकतो हे आधीच मान्य करावं. ज्या तपासणीत नापास होण्याची शक्यता नाही ती तपासणी नसते. विमान विकत घेण्याआधीच मेकॅनिक शोधावा हे तर उघड आहे. लग्न ठरल्यावर कुंडली पाहणाऱ्यांना आपण हसतो ना!

चौथी गोष्ट सरकारची. बांधणाऱ्याला जसा त्या विमानापुरता परवाना मिळतो, तसा दुसऱ्या मालकालाही शिकून, परीक्षा देऊन मिळावा का? हलक्या क्रीडा विमानांच्या काही मालकांसाठी २००४ च्या नियमांत १६ तासांच्या अभ्यासक्रमानंतर असा मर्यादित अधिकार ठेवला होता. मला ही वाट मान्य आहे, पण एका अटीवर: काही वर्षांतून एकदा तरी तिऱ्हाईताने बघावं. आम्ही डॉक्टर स्वतःच्या घरच्यांवर मोठे उपचार करायचं टाळतो ते ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. आपल्या माणसात आपल्याला दोष दिसत नाही. आपल्या विमानातही दिसणार नाही.

हा सगळा अमेरिकेचा विषय, आपला काय संबंध, असं वाटेल. पण कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवा. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान मुंबईकरांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं आणि उडवण्याची परवानगी मिळायला २०१९. बांधणाऱ्याची जिद्द जेवढी मोठी, तेवढीच मोठी वाट त्याला कागदांची पाहावी लागली. उद्या आपल्याकडे अशी दहा विमानं झाली तर त्यांच्या वार्षिक तपासणीवर सही कोण करणार, हे आजच ठरवायला हवं. नाहीतर आपल्याकडे एकतर कुणीच सही करणार नाही, किंवा कुणीही करेल.

माझ्या मित्राला अखेर मेकॅनिक मिळाला. सत्तरीचा, दोन तास अंतरावरच्या गावातला. त्याने तीन अटी घातल्या: झाकणं तू उघडायची, बांधणाऱ्याची मूळ वही आणायची, आणि मी कधी संपवीन ते विचारायचं नाही. मित्राने मूळ मालकाला फोन करून माळ्यावरची वही मिळवली. तपासणी तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी मेकॅनिकने त्याला वाकून आत बघायला सांगितलं. इंधनाची एक नळी इंजिनच्या आधाराच्या दांड्याला घासत होती आणि तिचं वरचं आवरण एका जागी झिजून पातळ झालं होतं. 'ठणठणीत' विमानात.

नळी बदलली, तिला नीट बांधलं, मग सही झाली. मित्राने नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "दोन महिने शिव्या घातल्या त्याला. आता पुढच्या वर्षीची तारीख आधीच मागून ठेवलीय."

सोमवारी ओपीडीत एक तरुण आला. पोलीस भरतीसाठी धावायचं होतं, हातात कागद. "साहेब, नुसती सही." मी म्हटलं, "शर्ट काढ आणि झोप टेबलावर. आधी छाती ऐकू दे."